देवी खाली उतरली, आपण अजून गडावरच

चैत्र पौर्णिमेच्या पुढे-मागे कुंभवलीत बैठक ठेवायची नाही, हे आमच्या गटाला कळायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी सतरंजी अंथरून आम्ही चौघी बसलो आणि चौघीच उठलो. दुसऱ्या वर्षी निरोप दोनदा पाठवला, तरी तेच. अहवालात मी लिहिलं, 'महालक्ष्मीच्या यात्रेमुळे उपस्थिती कमी.' वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण त्यात केवढा तोरा भरला आहे हे मला तिसऱ्या वर्षी एका बाईने दाखवून दिलं. तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी, दोन मुलींची आई. तिने सरळ विचारलं, 'ताई, वर्षातून एकदा घरातून बाहेर पडायला मिळतं. तुमची बैठक काय, दर महिन्याला असते. तुम्हीच का येत नाही यात्रेला?'

तिला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

ज्या मैत्रिणींनी हे देऊळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून, डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे गावी महालक्ष्मीचं देऊळ आहे. मागे मुसल्या डोंगर, त्यावर देवीचं मूळ ठाणं. चैत्र पौर्णिमेला यात्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, पालघर, सगळीकडून माणसं येतात, गुजरातेतूनही येतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कुणबी, किनाऱ्याकडचे मांगेले आणि भंडारी, कारखान्यांतले कामगार, सगळ्यांची ही देवी. नवसाचा कोंबडा-बकरा चालतो. तिच्या दारात सोवळ्याचं स्तोम फारसं नाही. यात्रा म्हणजे बाजारही. पावसाळ्याची बेगमी इथेच होते. सुकट, बोंबील, मिरची-मसाला, भांडी, बांगड्या. चार महिने चुलीवर काय शिजणार याचा हिशेब बायका इथे करतात, आणि तो करताना जत्रेतला पाळणाही पाहून घेतात.

आता गोष्टी. या देवीच्या दोन गोष्टी इकडे घरोघर सांगितल्या जातात आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली भीमाची. पांडव वनवासात असताना भीमाने देवीला पाहिलं आणि लग्नाची मागणी घातली. देवी म्हणाली, ठीक, एका रात्रीत सूर्या नदीला बांध घाल. भीम कामाला लागला आणि पहाट व्हायच्या आत बांध पुरा होणार असं दिसू लागलं. तेव्हा देवीने कोंबड्याचं रूप घेतलं आणि आरवली. उजाडलं असं समजून भीमाने हात टेकले. लग्न टळलं. पुराणातल्या स्वयंवरांचे गोडवे आपण पुष्कळ ऐकले. इथे मात्र एक बाई नको असलेला नवरा युक्तीने परतवते आणि लोक तिला शिक्षा न करता तिची पूजा करतात! ताकदवान पुरुषाला थेट 'नाही' म्हणता येत नसेल तर काय करायचं, हे आपल्या बायकांना शिबिरात शिकवावं लागत नाही. त्यांना ते येतं. कुणी आडवळणाने म्हणतं, कुणी उपास धरतं, कुणाच्या अंगात येतं.

दुसरी गोष्ट गरोदर बाईची. देवी तेव्हा डोंगरावर होती. एक गरोदर बाई दर्शनाला गड चढू लागली आणि वाटेतच चक्कर येऊन पडली. देवीने ते पाहिलं आणि तिला सांगितलं की आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देवी पायथ्याशी आहे.

ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली असेन. भक्तीची महती म्हणूनच ती सांगितली जाते. पण जरा थांबून बघा. देवीने त्या बाईला शक्ती दिली आणि ती धावत गड चढली, असं इथे घडत नाही. तिच्या सहनशीलतेची कसोटी घेतली जात नाही. तू पवित्र आहेस का, सासरी नीट वागतेस का, पोटात मुलगा आहे की मुलगी, असं काहीही विचारलं जात नाही. बाईला चढवत नाही म्हटल्यावर देवळाने आपली जागा बदलली. 'सोय' या शब्दाचा इतका सरळ अर्थ मी कुठल्या सरकारी योजनेत वाचलेला नाही.

आणि आता वर्तमान. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत एका बाईची मुदतीपूर्वी घरीच प्रसूती झाली. जुळी बाळं गेली. पाड्याला रस्ता नव्हता म्हणून तिला झोळी करून डोंगरवाटेने दवाखान्यात न्यावं लागलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द डहाणू तालुक्यातली एक गरोदर बाई प्राणवायूची सोय असलेली रुग्णवाहिका वेळेत न मिळाल्यामुळे मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर मेली. पोटातलं बाळही गेलं. दोन्ही बातम्या वृत्तपत्रांत आल्या, चर्चा झाली, चौकशीची भाषा झाली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. जिथे देवीने एका गरोदर बाईसाठी डोंगर सोडला, त्याच मुलखात दहा वर्षांच्या जिल्ह्याला तिच्यासाठी एक धड गाडी पाठवता आली नाही.

हे वाक्य मोर्चात म्हणायला हवं होतं. आम्ही म्हटलं नाही. निवेदनात आम्ही माता मृत्यूदर लिहिला, आरोग्याचा अधिकार लिहिला, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण ज्या बायकांच्या तोंडी ही गोष्ट आहे त्यांना आम्ही विचारलं नाही की बायांनो, तुमची देवी खाली आली, हे कधी येणार? विचारलं असतं तर कलेक्टर कचेरीसमोर आम्हाला घोषणा शिकवत बसावं लागलं नसतं.

का विचारलं नाही? इथे आपल्या चळवळीचं जुनं दुखणं आहे. १९८० च्या आसपास हुंडाबळी आणि बलात्काराविरुद्ध रस्त्यावर उतरलो तेव्हा आपल्या पोस्टरवर काली होती, दुर्गा होती. दिल्लीत १९८४ साली निघालेल्या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेचं नावच 'काली फॉर विमेन'. मग १९९१ मध्ये दुर्गा वाहिनी निघाली, ६ डिसेंबर १९९२ आला, त्यानंतरची मुंबई आली, आणि त्याच दुर्गेचं नाव घेत बायका शेजारच्या बायकांच्या वस्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या आपण पाहिल्या. आपण हादरलो. तापलेल्या तव्यावरून हात काढावा तशी आपण देवी टाकून दिली. ते समजण्यासारखं होतं. देवीचं चित्र लावल्याने आपल्या मुसलमान आणि ख्रिस्ती मैत्रिणी परक्या होतात हा मुद्दा तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे, आणि आपल्या संघटनेच्या बिल्ल्यावर मला कुठलीही देवी नको आहे.

पण चिन्ह म्हणून देवी वापरणं वेगळं आणि बाया जिथे जातात तिथे जाणं वेगळं. आपण दोन्ही सोडलं. मोकळ्या जागेत कोण आलं ते आता दिसतंच आहे: कमानी, फलक, पुढाऱ्यांचे हसरे फोटो. 'कोळवणची महालक्ष्मी' म्हणून वारली ज्या देवीला हाक मारतो, तिला बाहेरची माणसं लाल-पिवळ्या छापील चित्रातली, कमळातली लक्ष्मी समजू लागली आहेत. कमळातली लक्ष्मी विष्णूचे पाय चेपते. ही तर भीमाला फसवून एकटी राहिली!

देवी बाई आहे म्हणजे आपल्या संस्कृतीत बाईला मान आहे, हे वाक्य दर नवरात्रात कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून ऐकावं लागतं. पुष्कळदा बोलणाऱ्याच्या मागच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष बसलेले असतात. तेव्हा मान कुठे आहे ते जरा मोजू. यात्रेत ध्वज चढवण्याचा मोठा सोहळा असतो. जव्हारच्या मुकणे राजघराण्याचं निशाण, आणि ते गडावर लावण्याचा मान वाघाडीच्या पुजाऱ्याकडे, घराण्यात चालत आलेला. मध्यरात्री पायथ्याहून निघून पहाटे तो ध्वज लागतो आणि लोक त्या माणसाचं कौतुक करतात. डोंगर खरंच कठीण आहे, कौतुक रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की देवी एका बाईसाठी खाली आली, त्या घटनेचा वर्षाचा सोहळा मात्र पुरुषाने वर चढण्याचा झाला. त्या गरोदर बाईच्या नावाने काही नाही. तिचं नावच आपल्याला ठाऊक नाही.

असं म्हटलं की लगेच ऐकवलं जातं, ही आदिवासी परंपरा आहे, तुम्ही शहरी बायका त्यात ढवळाढवळ करू नका. बरं, आदिवासी परंपराच घेऊ. वारल्यांचं लग्न कोण लावतं? धवलेरी लावते, म्हणजे बाई. गाण्यातून विधी तीच पुढे नेते. लग्नाचा चौक कोण लिहितं? सवासिनी लिहितात, भिंतीवर तांदळाच्या पिठाने, आणि त्या चौकात पालघट देवी बसते. म्हणजे देवीला घरात आणायचं काम बायकांचं होतं, आणि ते कुणी दयेने दिलेलं नव्हतं. मग १९७० नंतर तो चौक भिंतीवरून कागदावर आला, त्याला बाजार मिळाला, परदेशात प्रदर्शनं झाली, आणि वारली चित्रकार म्हटलं की जगाला पुरुषांची नावं आठवू लागली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते मोठे कलावंत होते, त्यांच्या मानाबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की भिंतीवर फुकट लिहीत होत्या त्या 'बायका', आणि कागदावर पैसे घेऊन लिहू लागला तो 'कलाकार'. देवळाचंही तेच आहे. घरात, शेताच्या बांधावर, लग्नाच्या मांडवात देवीपाशी बाई असते. देवीला दानपेटी, पावतीपुस्तक आणि हद्दीची भिंत आली की बाई रांगेत जाते.

आणि काही बायांना तर रांगेतही जागा मिळत नाही. भुताळीबद्दल बोलल्याशिवाय या मुलखातल्या कुठल्याही देवीबद्दल बोलणं हा खोटेपणा होईल. पाड्यात पोर दगावलं, बैल मेला, कुणाला ताप उतरेना, की भगताकडे जायचं आणि भगताने दाणे पाहून सांगायचं की अमक्या बाईची नजर आहे. ती बाई बहुतेक वेळा म्हातारी, विधवा, एकटी, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. जमिनीचा हा मुद्दा तुमच्याकडच्या जुन्या केसेसमध्ये तपासून पाहा. मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही घेतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं हा आता गुन्हा आहे. पण पोलीस पाटलालाच भगताची भीती असेल तर कायदा तालुक्याला राहतो, पाड्यावर येत नाही. देवी मानणारं गावच बाईला भुताळी ठरवतं यात विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. बाईत शक्ती आहे हे गाव दोन्हीकडे कबूल करतं. फक्त ती शक्ती दगडात असली की नारळ, आणि जिवंत, म्हाताऱ्या, जमीन न सोडणाऱ्या बाईत असली की काठी.

आता आपलं दुसरं दुखणं. देवळाचा विषय निघाला की आपल्या शहरी मैत्रिणी लगेच विचारतात, 'गाभाऱ्यात बायकांना प्रवेश आहे का?' हा प्रश्न हलका नाही. शनिशिंगणापूरला २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये एक मुलगी चौथऱ्यावर गेली म्हणून शुद्धीकरण केलं गेलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सरकारला १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्याची आठवण करून दिली, आणि आठवड्याभरात, पाडव्याला, चौथरा उघडला. त्याच महिन्यात कोल्हापूरला गाभाऱ्यात गेलेल्या बायांना मारहाण झाली. विद्याताई आज नाहीत. त्या स्वतः देव न मानणाऱ्या होत्या. मला जायचं नाही, पण जिला जायचं तिला अडवायचं नाही, ही त्यांची भूमिका मला आजही पूर्ण पटते.

पण हा प्रश्न तसाच उचलून डहाणूला नेला की तो पोकळ वाजतो. इथे दर्शनाला बाईला आडकाठी नाही. पाळीचे चार दिवस बाई स्वतःच लांब राहते, आणि ते बंधन मोडायला कोर्ट उपयोगाचं नाही, तिथे आपणच तिच्याशी बोललं पाहिजे. बाकी दार उघडंच आहे. बंद आहे ते हिशेबाचं कपाट. देवळात येणाऱ्या नारळाचा, साडीचा, पैशाचा केवढा तरी भाग बायकांच्या हातून येतो. तो कुठे जातो हे ठरवताना किती बायका असतात? मी एका देवस्थानाबद्दल बोलत नाही. गावदेवीपासून कोल्हापूरच्या अंबाबाईपर्यंत कुठलंही नाव घ्या आणि विश्वस्तांच्या यादीत बोट फिरवा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा आहे, नोंदणी झालेल्या न्यासाला हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, तिथे अर्ज करून ते मागता येतात. गाभाऱ्यासाठी आपण सत्याग्रह केले. एक अर्ज लिहायला काय हरकत आहे?

पाण्याचंही याच देवीपाशी बोलायचं आहे. भीमाला सूर्येवर बांध घालता आला नाही. सरकारला आला. धामणीचं धरण झालं, आदिवासींची घरं-शेतं उठली, डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतांना पाणी मिळेल असं सांगितलं गेलं, आणि आता सूर्येचं पाणी नळातून वसई-विरारकडे जातं. सूर्येचंच पाणी तारापूरच्या कारखान्यांना मिळतं. आणि कारखान्यांच्या कडेच्या कुंभवलीसारख्या गावांच्या वाट्याला काय आलं? नासलेल्या विहिरी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर सर्वात प्रदूषित ठरलं. विहीर नासली की टँकरमागे कोण धावतं, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. मला प्रश्न विचारणारी ती बाई यात्रेहून आली तेव्हा म्हणाली, 'देवीच्या पायाशी बाटलीभर पाणी भरून घेतलं, घरचं पाणी देवाला दाखवायच्या लायकीचं नाही.' मी मनात 'अंधश्रद्धा' म्हटलं. मग लक्षात आलं की पाण्याच्या प्रतीचा इतका नेमका अहवाल आमच्या फाइलमध्ये नाही.

विवेकवादी मित्र म्हणतील, बाई घसरली. अशाने नवस-सायास बळकट होतील, भगताचं फावेल. माझं उत्तर असं. नवसाने पोर वाचत नाही, सलाइनने आणि वेळेवर आलेल्या गाडीने वाचतं, हे मी यात्रेतही सांगेन. नवसाला पैसे काढणाऱ्या बाईला सांगेन की आधी तपासणी, मग कोंबडा. भगताविरुद्ध फिर्याद द्यायला मी पहिली असेन. पण ज्या गोष्टीत देवी गरोदर बाईसाठी खाली उतरते ती गोष्ट भगताची नाही. ती कुणा थकलेल्या बाईने दुसऱ्या थकलेल्या बाईला सांगितलेली असणार, याबद्दल मला शंका नाही. माझ्याकडे पुरावा नाही. ऐकून पाहा, तुम्हालाही तसंच वाटेल. ती गोष्ट 'अंधश्रद्धा' या एका शब्दात बांधून टाकायची आणि मग बायका बैठकीला येत नाहीत म्हणून अहवालात रडायचं, हे आता पुरे झालं.

आमच्या गटाने ठरवलं आहे ते सांगते. पुढच्या चैत्रात यात्रेच्या पंधरा दिवसांत बैठक नाही. त्याऐवजी बाजारात, सुकटवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, एक टेबल. त्यावर रक्तदाब मोजायचं यंत्र, हिमोग्लोबिनची तपासणी, आणि एक वही. वहीत दोनच प्रश्न: तुमच्या पाड्यावर बाळंतपणाला गाडी पोचते का, आणि नाही तर बाईला कशातून नेता. उत्तरं गावाच्या नावासकट घ्यायची आणि ती ग्रामसभेत मांडायची. पेसा कायदा १९९६ चा आहे, इथल्या ग्रामसभेला तोंड आहे, फक्त तिथे बायकांची संख्या लागते. वही भरली की तिची एक प्रत जिल्हा परिषदेला, एक या मासिकाला. टेबलासाठी देवस्थानाकडे जागेचा रीतसर अर्ज करणार आहोत. उत्तर काय येतं तेही इथे छापू.

ज्यांना यायचं आहे त्यांनी कुंभवलीहून सकाळच्या टेम्पोत बसावं. भाडं निम्मं-निम्मं. येताना रिकामी पिशवी आणा, सुकट तिथे बरी मिळते.